भट्टीच्या पोटातली भिंत

शामराव रामटेक्यांना कुणी विचारलं, की कंपनीत तुम्ही नेमकं काय करता, तर ते म्हणत, "भिंत पाहतो." विचारणाऱ्याला वाटे, माणूस थट्टा करतोय किंवा गवंडी असावा. थट्टा करण्याचा शामरावांचा स्वभाव नव्हता आणि गवंडीकाम त्यांना येत नव्हतं. ते खरोखरच अठरा वर्षं भिंत पाहत होते, आधी रायपूरजवळ उरल्याच्या एका लहान फाउंड्रीत आणि गेली नऊ वर्षं सिलतऱ्याच्या कारखान्यात. ती भिंत नीट राहिली, तर दहा-बारा माणसं संध्याकाळी आपापल्या घरी जेवायला जात.

सिलतऱ्याला लोखंड वितळवायची विजेची भट्टी होती. तिला कोळसा लागत नाही की जाळ लागत नाही. माणसाच्या उंचीचं एक पातेलं, त्याच्याभोवती तांब्याच्या पोकळ नळीचे वेढे आणि नळीतून सतत वाहणारं थंड पाणी. वेढ्यांत वीज सोडली की आत चुंबकाचं क्षेत्र तयार होतं आणि पातेल्यातलं लोखंड आपलं आपणच तापून पाण्यासारखं पातळ होतं. सोळाशे अंश! त्या सोळाशे अंशांच्या आणि नळीतल्या पाण्याच्या मध्ये असते फक्त पाच इंचांची भिंत, पांढऱ्या दगडी भुकटीची, ठोकून ठोकून बसवलेली. तिला सगळे लायनिंग म्हणत. लोखंडाची एक खेप वितळली की एक 'हीट' झाली, आणि दर हीटला भिंत थोडी झिजते. ती आरपार झिजली आणि लोखंड पाण्याला भेटलं, तर असा धमाका होतो की पुढचं सांगायला जवळचं कुणी उरत नाही. शामरावांनी तरुणपणी एका ठिकाणी असा धमाका झाल्याच्या दुसऱ्या दिवशीची जागा पाहिली होती. तिथे काय दिसलं हे त्यांनी घरी कधी सांगितलं नाही.

तेव्हापासून माणूस घोरी, सदा काळजी करणारा, झाला तो झालाच. झोपण्याआधी गॅसची चावी तीनदा पाहायची, स्कूटर उभी केली की हँडल दोनदा हलवून पाहायचं. त्यांची बायको कांताबाई म्हणत, "ह्यायचं चाललं तर हे दुधावरच्या सायीची बी जाडी मोजतीन." शामराव हसत नसत. त्यांना ते काही फार चुकीचं वाटत नसे.

भिंत मोजायची त्यांची स्वतःची रीत होती. हीट ओतून भट्टी रिकामी झाली की ती पाच-सात मिनिटं लालभडक उघडी असते. तेवढ्यात शामराव तोंडावर जाळीचा मुखवटा चढवून लांब गज आत सोडत. गजाला खाली आडवा दांडा होता आणि त्यावर त्यांनी स्वतः करवतीने खाचा पाडल्या होत्या. दांडा भिंतीला टेकवायचा, खाच पाहायची, बाजूला व्हायचं. गज तोंडापासून दीड वीत खाली पोचे. तेवढं पुरे होतं, कारण लोखंडावरचा मळ, ज्याला तिथे स्लॅग म्हणत, तो तरंगत राहतो आणि भिंत खातो ती तिथेच. निदान इतकी वर्षं तरी तिथेच खात होता. मग शामराव खाली येऊन वहीत मिलिमीटर लिहीत, सही करत आणि भट्टीवरचा मुख्य कामगार नत्थू साहू याच्याकडे पाहून मान हलवत. त्या मानेवर नत्थू जिन्याने भट्टीच्या प्लॅटफॉर्मवर चढे. वही त्याने कधी उघडली नाही.

दोन महिन्यांपूर्वी भट्टीला नवा पॅनल आला, म्हणजे वीज सोडणारं नवं यंत्र. राज्य नवं, राजधानी नवी, जिकडेतिकडे इमारती चढत होत्या, आणि सळई कितीही केली तरी कमीच पडत होती. जुन्या पॅनलवर हीटला तीन तास लागत, नव्यावर दोनच. मालक खूश, सुपरवायझर पटेरिया खूश. शामरावांनाही बरं वाटलं. भिंतीवर लोखंड दोनच तास राहणार, म्हणजे भिंत कमी झिजणार, असा सरळ हिशेब होता. गजही तेच सांगत होता. पूर्वी एक लायनिंग बारा हीट टिके. नव्या पॅनलवर शामरावांनी सोळा हीटांपर्यंत चालवायला सही दिली. अशी तीन लायनिंगं सोळा-सोळा हीट चालली. पटेरियांनी सगळ्यांसमोर त्यांना हार घातला आणि पेढे वाटले. इतका घोरी माणूस, पण त्या दिवशी गॅसची चावी एकदाच पाहून झोपला.

चौथं लायनिंग तेराव्या हीटला आलं, तो रविवार होता. त्या दिवशी शामरावांनी सुट्टी घेतली, कारण गुढियारीच्या त्यांच्या घरी मुलीला, अपर्णाला, पाहायला पाहुणे यायचे होते. सुट्टी घेतली खरी, पण आपण नसताना भट्टी चालणार ही गोष्ट त्यांच्या गळी उतरेना. शनिवारी ते नत्थूकडे गेले. रविवार नत्थूच्या सुट्टीचा. त्याला गावी भावाकडे जायचं होतं.

"नत्थू, मी नाही राहणार उद्या. तू तरी राह्य. तू हाये म्हटलं का मले घोर नाही," शामराव म्हणाले.

"हव भैया," नत्थू म्हणाला. गावाचं नावही त्याने काढलं नाही.

रविवारी अकराच्या सुमारास पाहुणे आले. मुलगा सुशील मेश्राम, दुर्गला बँकेत होता. त्याचे आईवडील होते आणि गोंदियाहून आलेले मामा होते, नरहर गजभिये. जय भीम झाला, पाणी झालं, पोह्यांच्या बशा फिरल्या. मामा रेल्वेतून निवृत्त झालेले, त्यामुळे समोरच्याची चौकशी करायचा हक्क आपल्याला सरकारने दिला आहे असं त्यांना वाटे. गाव कोणतं, भंडारा का तुमसर, तुमसरात कोणत्या रामटेक्यांपैकी, हे सगळं झाल्यावर ते अपर्णाकडे वळले.

"एमटेक करून राहिली म्हणते ना तू? मंग कशावर हाये तुहा प्रोजेक्ट? आम्हाले समजंन असं सांग."

अपर्णाने बापाकडे पाहिलं. शामराव ताठ बसले. पोरगी शिकते याचा त्यांना अभिमान होता. पण दोन वर्षांत ती काय शिकते हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. फी भरली का, बस मिळाली का, डबा खाल्ला का, एवढंच त्यांना विचारता येई.

"मामाजी, चुंबक आणि उष्णता," अपर्णा म्हणाली. "मतलब, एखादा पातळ धातू जोरात वाहतो आहे. सरळ नाही वाहत, घुसळत, भोवरे घेत वाहतो. त्याच्यावर चुंबकीय क्षेत्र टाकलं तर त्याची उष्णता भिंतीकडे जास्ती जाते की कमी, हे मी कॅलक्युलेट करते."

"मंग? जास्ती जाते का कमी?"

"चुंबक स्थिर असेल तर भोवरे शांत होतात, उष्णता कमी जाते. पण बदलत्या विजेचं क्षेत्र असलं तर उलटं होतं. ते स्वतःच धातू घुसळतं." मामांचा चेहरा कोरा पाहून तिने समोरचा कागद ओढला. तो तिचाच बायोडाटा होता. त्याच्या मागच्या बाजूला तिने एक पातेलं काढलं. "बाबांची फर्नेसच घ्या ना. बाहेर कॉइल, आत लोखंड. क्षेत्र लोखंडाला मधोमध आत दाबतं. मग ते मधून वर जातं, वरून भिंतीकडे, भिंतीने खाली. एक चक्कर ही. दुसरी चक्कर खालच्या अर्ध्यात, ती भिंतीने वर येते."

शामराव कौतुकाने कागदाकडे पाहत होते. आपली भट्टी बायोडाट्यावर आली, ही गोष्ट त्यांना फार आवडली. भट्टी सुरू असताना लोखंड मध्ये टेकडीसारखं फुगतं, हे त्यांनी हजारदा पाहिलं होतं. ते का फुगतं हे आज कळत होतं.

"आणि ह्या दोन चक्करा इथे भेटतात." अपर्णाने भिंतीवर बरोबर मधोमध फुली मारली. "इथे सगळ्यात जास्ती खळबळ. सगळ्यात जास्ती उष्णता भिंतीला इथेच लागते, आणि घासतं पण इथेच."

"वर नाही?" शामरावांनी विचारलं. आवाज साधाच होता.

"स्लॅग वर खातो, ते वेगळं. मी घुसळण्याचं सांगते आहे."

"पॉवर वाढवली त?"

"जास्ती घुसळेल."

"अन् फ्रिक्वेन्सी कमी केली त?"

"तेव्हा तर अजून जास्ती. क्षेत्र आतपर्यंत जातं ना."

नव्या पॅनलने दोन्ही केलं होतं. पॉवर वाढवली होती आणि फ्रिक्वेन्सी पाचशेवरून तीनशेवर आणली होती. पॅनल बसवायला आलेल्या इंजिनीअरने हे आकडे सांगितले, तेव्हा शामरावांनी मान डोलावली होती, कारण सगळेच डोलावत होते.

गज दीड वीत खाली पोचतो. फुली त्याच्या कितीतरी खाली होती. तिथे त्यांनी कधीच मोजलं नव्हतं. जुन्या पॅनलवर निदान एक खूण होती. भिंत पातळ झाली की लोखंड वेढ्यांच्या जवळ येई आणि पॉवरचा काटा आपोआप वर चढे. काटा चढला की शामराव सावध होत. नवा पॅनल शहाणा होता, तो स्वतःच सगळं जुळवून काटा एका जागी धरून ठेवी. खूण गेली आणि कुणालाच ती आठवलीही नाही.

"पण बाबा, हे सगळं पेपरवरचं आहे," बापाचा चेहरा पाहून अपर्णा घाईने म्हणाली. "तुम्ही तर दर हीटला मोजता ना?"

शामराव उठले आणि दाराशी जाऊन चपला शोधू लागले.

"अवो, कुठी चालले?" कांताबाई चहाचा ट्रे घेऊन आल्या होत्या.

"कंपनीत."

"आज? पाव्हणे बसले ना घरात! च्या त घ्या!"

"नत्थू हाये ना तिथी," शामराव म्हणाले. जणू एवढ्याने सगळ्यांना सगळं समजणार होतं.

मामांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. पाहण्याच्या कार्यक्रमातून मुलीचा बापच उठून जावा, हे त्यांच्या साठ वर्षांच्या अनुभवात बसत नव्हतं. "काहून हो, आमचं काही चुकलं काय?" त्यांनी विचारलं. उत्तर द्यायला शामराव जागेवर नव्हते.

कोपऱ्यावरच्या पीसीओवरून त्यांनी कंपनीत फोन लावला. गेटवरच्या वॉचमनने लाइन भट्टीकडे दिली. बराच वेळ नुसती घंटी वाजत राहिली. भट्टीच्या घरघरीत ती घंटी ऐकू येत नाही, हे त्यांना माहीत होतं, तरी ते ऐकत उभे राहिले. मग वॉचमन परत आला. "कोई उठा नहीं रहा, रामटेकेजी. टाइम पे टैप होगा आज, सवा बारा बजे, बोल रहे थे." हीट सव्वाबाराला ओतणार. म्हणजे आता भट्टी गच्च भरत आली होती आणि तापत तापत कळसाला चालली होती. भिंतीवर सगळ्यात जास्त मार बसतो तो याच शेवटच्या तासात.

स्कूटर चौथ्या किकला सुरू झाली. फाफाडीहच्या चौकात पोलिसाने हात आडवा केला. कुणीतरी मंत्री जायचे होते. राजधानी झाल्यापासून रायपूरच्या माणसाला ही एक नवी शिक्षा लागली होती. शामराव पुढच्या चाकाकडे बघत उभे राहिले. त्यांनी मनातल्या मनात हिशेब मांडला. पाच इंच म्हणजे एकशे पंचवीस मिलिमीटर. गज काल म्हणाला, पंच्याहत्तर उरली. पोटात किती असेल? साठ? चाळीस? आधीची तीन लायनिंगं सोळा हीट चालली, काही झालं नाही. म्हणजे तेरा हीटला काही होणार नाही. मग लगेच दुसरा विचार आला, की काही झालं नाही म्हणजे भिंत शाबूत होती असं कुठे आहे? ती तीन लायनिंगं ठेकेदाराच्या माणसांनी हातोड्याने फोडून गाडीत भरून फेकली होती. त्यांच्या पोटाकडे कुणी पाहिलं नव्हतं. शामरावांनीही नाही. हार गळ्यात होता तेव्हा.

"अर्जंट हाय साहेब, जाऊ द्या," ते पोलिसाला म्हणाले.

"सबका अर्जेंट है," पोलीस म्हणाला.

ताफा गेला. भनपुरीपासून पुढे ट्रकांची रांग होती. शामराव रस्ता सोडून कडेच्या धुळीतून स्कूटर काढत गेले. आयुष्यात त्यांनी असं कधी केलं नव्हतं. समोर सिलतऱ्याची धुराडी दिसत होती. त्यात आपल्या शेडवरचा धूर रोजचाच आहे की वेगळा, हे ते दर दहा सेकंदांनी पाहत होते. नत्थूला गावाला जायचं होतं. भावाकडे जायचं होतं त्याला, आणि मीच त्याला थांबवलं, हे एकच वाक्य डोक्यात फिरत होतं.

शेडमध्ये शिरले तेव्हा घड्याळात बाराला दहा कमी होते. भट्टी घरघरत होती. वर प्लॅटफॉर्मवर नत्थू तोंडाशी वाकून लोखंडी सळईने मळ काढत होता. त्याला उभा, धड, घामाघूम पाहून शामराव जागीच थांबले. मग ते ओरडले, "नत्थू! खाली ये!" नत्थूने ऐकलं नाही. ऐकू येणंच शक्य नव्हतं.

पॅनलच्या काचेच्या खोलीत पटेरिया चहा पीत होते. "अरे शामराव! आज तो छुट्टी थी ना आपकी? लड़केवाले आए नहीं क्या?"

"साहेब, पावर बंद करा. फर्नेस खाली करा."

पटेरियांनी कप ठेवला. "क्यों? अलार्म बजा क्या?"

"अलार्म वाजंन तवा लोखंड कॉइलपर्यंत पोचलं राहीन. मंग फक्त पळाचा टाइम राह्यते."

पटेरिया वाईट माणूस नव्हते. पण बारा टन लोखंड अर्धवट तापलेलं असताना खड्ड्यात ओतायचं, म्हणजे ते मालकाला काय सांगणार? त्यांनी वही पुढे ओढली आणि कालची ओळ बोटाने दाखवली. "पचहत्तर मिलीमीटर. साइन किसका है? आपका. सोलह हीट की परमिशन किसने दी? आपने. अब छुट्टी के दिन आके बोलते हो बंद करो! देखा क्या है आपने?"

शामरावांनी काहीच पाहिलं नव्हतं. बायोडाट्याच्या मागची एक फुली पाहिली होती. पोरगी असं म्हणते, हे सांगायला त्यांची जीभ उचलेना. अठरा वर्षांत त्यांचं माप चुकलं असं कुणी म्हटलं नव्हतं, आणि आता ते त्यांनाच म्हणायचं होतं, तेही दोन इलेक्ट्रिशियन आणि एका क्रेनवाल्यासमोर.

"माहं माप चूक हाये," ते म्हणाले. "मी वर मोजतो. झिजत मधात राहिलं असंन. मधातलं मले माहीत नाही. कधीच माहीत नव्हतं."

पटेरियांनी वही मिटली. मग ते म्हणाले, "असंन से काम नहीं चलता, शामराव. कुछ दिखाओ."

दाखवायचं काय? भट्टी भरलेली, गज आत जाणार नाही. शामराव खोलीबाहेर आले आणि भट्टीच्या मागे गेले, जिथे वेढ्यांतून तापून बाहेर पडणारं पाणी सात रबरी नळ्यांनी परत टाकीकडे जात होतं. प्रत्येक नळी वेढ्यांच्या एकेका भागाची. पहिली सगळ्यात वरच्या, सातवी सगळ्यात खालच्या. खोलीतल्या मीटरवर साऱ्या पाण्याचं मिळून एकच तापमान दिसे, आणि ते ठीक होतं. नळ्यांना हात लावायला कुणी मागे येत नसे. उष्णता पोटातून भिंतीत जास्त येत असेल, तर ती पुढे कुठे जाणार? पाण्यातच जाणार. शामरावांनी पहिली नळी मुठीत धरली. गरम, पण धरवत होती. दुसरीही तशीच. तिसरी जरा जास्त. चौथी त्यांनी धरली आणि हात झटकन मागे घेतला.

पाचवीला पुन्हा धरवत होतं. सहावी, सातवी, पहिलीसारख्याच.

ते पळत खोलीत गेले. साहेबाच्या अंगाला शामरावांनी आजवर हात लावला नव्हता. त्यांनी पटेरियांचं मनगट धरलं आणि त्यांना ओढत मागे आणलं. "एक-एक धरा. हे. आता हे." पटेरिया चिडून काहीतरी म्हणत होते. चौथीला हात लागला आणि त्यांचं बोलणं थांबलं. त्यांनी पुन्हा तिसरी धरली, पुन्हा चौथी. मग हाताकडे पाहिलं.

"बंद कर! पावर बंद कर!" ते खोलीकडे धावत ओरडले.

घरघर थांबली. फुगलेली टेकडी खाली बसली आणि लोखंड सपाट झालं. नत्थूने वर पाहिलं. शामराव जिन्याच्या तळाशी उभे राहून दोन्ही हातांनी त्याला खाली बोलावत होते. तो खाली आला. बाकीचेही आले. पटेरियांनी स्वतः लांबून भट्टी कलती केली आणि बारा टन लोखंड कोरड्या खड्ड्यात ओतलं. त्याला जेमतेम पाच मिनिटं लागली असतील. शामराव त्या पाचही मिनिटांत श्वास घेताना स्वतःला ऐकत होते. भट्टी रिकामी झाली, काही झालं नाही, तेव्हा क्रेनवाला हसला आणि शामराव तिथेच एका रिकाम्या ड्रमवर बसले.

"का होगे भैया?" नत्थूने विचारलं.

त्यांनी त्याला सांगितलं. सगळं सांगितलं, गज, दीड वीत, फुली, सोळा हीट. नत्थू ऐकत होता. तो गमछ्याने तोंड पुसत राहिला.

भट्टी थंड व्हायला दोन दिवस लागले. मंगळवारी लायनिंग फोडलं तेव्हा शामराव ठेकेदाराच्या माणसांच्या डोक्यावर उभे होते. एक तुकडाही त्यांनी न पाहता जाऊ दिला नाही. वर, गज टेकायचा तिथे, पंच्याहत्तर मिलिमीटर भरली. माप अगदी बरोबर होतं. पोटात मात्र वळसा घालून एक खोल पन्हळ पडली होती, आणि कॉइलच्या एका बाजूला भिंत दीड बोट उरली होती. त्यामागचं, वेढ्यांवर लिंपलेलं प्लॅस्टर तडकून काळं पडलं होतं. आणखी एक हीट निघाली असती, की तीच हीट पुरी झाली नसती, हे कुणालाच सांगता येईना. पटेरियांनी तो तुकडा हातात घेतला, उलटापालटा केला आणि परत दिला. पेढ्यांची आठवण कुणी काढली नाही.

त्याच संध्याकाळी नवा नियम निघाला. दहा हीटांवर लायनिंग चालवायचं नाही, आणि गज लांब करायचा. शामरावांनी नवा गज केला. तो पार तळापर्यंत जाई आणि पाच ठिकाणी टेके. अपर्णाने खाचा कुठे पाडायच्या ते कागदावर काढून दिलं आणि बाप-लेकीचं त्यावर पहिल्यांदाच भांडण झालं. मामांनी गोंदियाला जाऊन निरोप पाठवला, की पोरगी चांगली हाये, पण बाप थोडा अर्धवट वाटला. दोन दिवसांनी सुशीलने स्वतः फोन करून विचारलं, की भिंत किती उरली होती. कांताबाईंनी या दोन्हींतला फोनच तेवढा लक्षात ठेवला.

शुक्रवारी नवं लायनिंग सुरू झालं. शनिवारी सकाळी दुसरी हीट ओतून झाल्यावर शामरावांनी पाचही ठिकाणी मोजलं, वहीत पाच आकडे लिहिले, सही केली आणि नत्थूकडे पाहून मान हलवली.

नत्थू जिन्याकडे आला नाही. तो भट्टीच्या मागे गेला. शामराव त्याच्या मागोमाग गेले. नत्थू नळ्यांपाशी वाकला होता. त्याने पहिली नळी मुठीत धरली, थोडा वेळ थांबला, सोडली. मग दुसरी धरली.

"मोजलं हाये मी, नत्थू," शामराव म्हणाले. "पोटात बी मोजलं. पाच जागी."

"हव भैया, देखेंव," नत्थू म्हणाला; मोजताना त्याने पाहिलं होतं. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. नेहमीसारखाच आवाज होता. त्याने तिसरी नळी धरली.

नऊ वर्षं हा माणूस त्यांच्या एका मानेवर त्या जिन्याने चढला होता. वही नाही, मीटर नाही, नुसती मान. शामरावांना वाईट वाटलं, इतकं की तिथून निघून जावंसं वाटलं. आणि त्याच वेळी नत्थूचं बरोबर आहे, हेही त्यांना कळत होतं. ते कळणं जास्त लागत होतं. त्या तीन लायनिंगांच्या शेवटच्या हीटांना वर नत्थूच उभा होता, पण हे त्याने एकदाही बोलून दाखवलं नव्हतं.

नत्थूने चौथी नळी धरली, सोडली आणि पुन्हा धरली. सातही नळ्या होईपर्यंत शामराव बाजूला उभे राहिले.